राहणाऱ्या व्यक्ती: दोन

गाळणीबाईंचा एक नियम होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. आधी घर, मग कागद. निर्वाह भत्त्यासाठी ज्याचा अर्ज येईल त्या म्हाताऱ्याच्या घरी जायचं, घर नीट बघून घ्यायचं, फॉर्म तिथंच भरायचा, घरात राहणाऱ्या सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि कचेरीत परतल्यावरच त्याची फाइल उघडायची. फाइल आधी वाचली की डोळे फाइलीतलंच शोधत बसतात, असं त्यांचं म्हणणं. एकतीस वर्षं त्या घरभेटी करत होत्या. गाळणी हे नाव कचेरीने दिलेलं, आणि ते त्यांच्या कानावर आलेलं होतं. त्यांना ते आवडायचं.

माणसांना त्या फारसं विचारत नसत. दोरीवरचे टॉवेल मोजत, ब्रश मोजत, विसळून पालथ्या घातलेल्या कपांकडे बघत. एकटी राहते म्हणणारीच्या दोरीवर पुरुषाचा सदरा वाळत असला की काम झालं. आणि काय दिसलं ते घरच्यांना मुळीच सांगायचं नाही, हाही नियम. उगाच रडारड कशाला.

त्या दिवशी थंडी अशी होती की बोललं की तोंडातून वाफ यायची. तिसऱ्या मजल्यावरचं दार एका म्हाताऱ्याने उघडलं. जन्मभर पुस्तकं बांधून आता निवृत्त झालेला बाइंडर, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, अंगावर दोन स्वेटर. चष्म्याची एक काच तडकलेली. दाराच्या कडीत एक उघडं कुलूप लटकत होतं, गंजून लाल झालेलं. हे कुलूप कैक वर्षांत लागलेलं नाही, म्हणजे घरात कुणी ना कुणी असतंच, असं बाईंनी मनात टिपून ठेवलं.

"बसा ताई. चहा टाकतो. दूध तेवढं नाहीये, खालून आणतो."

"नको हो काका, चहाबिहा काही नको."

"आलोच." आणि तो जिना उतरून गेलासुद्धा. दार उघडंच टाकून.

बाईंना हेच हवं असतं. त्या उठल्या. स्वयंपाकघरात दोन कप पालथे, दोन्ही ओले. दोरीवर दोन टॉवेल. ऊब घ्यायला विजेची शेगडी होती, पण तिच्या वायरचा गुंडाळा करून सुतळीने बांधलेला. आतल्या खोलीला पडदा होता आणि पडद्यामागून बारीक आवाज येत होता, दोरा कागदातून ओढल्याचा. बाईंनी पडदा सारला.

खिडकीशी टेबलापुढे स्टुलावर एक बाई पाठमोरी बसून फर्मे शिवत होती. छापलेल्या पानांचे दुमडलेले गठ्ठे एकावर एक रचायचे आणि पाठीशी दोऱ्याने शिवायचे, हे काम. डाव्या हाताने शिवत होती. दोरा दातांनी तोडला तेव्हा टक् असा आवाज झाला.

"घरभेटीला आलेय," बाई म्हणाल्या. "तुमची एक सही लागेल."

बाईने मान वळवली नाही. "ह्यांना मोडायला सांगा ती ठेव."

"काय म्हणालात?"

"बँकेतली ठेव. अडलं तर मोडा, असं बजावून सांगितलं होतं मी. अजून किती अडायचंय?"

नवराबायकोच्या भांडणात पडायचं नाही, हा गाळणीबाईंचा तिसरा नियम. त्यांनी फॉर्म पुढे ठेवला, आपलं पेन दिलं. त्या पेनाला त्यांनी निळा दोरा बांधलेला असे, कारण कचेरीत पेनांना पाय फुटतात. बाईने डाव्या हाताने सही केली, खाली एक लांब रेघ ओढली. हात ओल्या शाईवरून गेल्यामुळे रेघ जराशी फरफटली. मग पुन्हा सुई हातात घेतली.

म्हातारा दूध घेऊन आला, चहा झाला. बाईंनी बोट ठेवलं तिथं त्यानेही खिशातल्या पेनाने सही केली. वाचलं काहीच नाही. "काच बदलायचीय," तो ओशाळून म्हणाला, "बघू, पुढच्या महिन्यात." बाईंनी त्याच्याच पेनाने रकाना भरला. राहणाऱ्या व्यक्ती: दोन.

जिना उतरताना त्यांना काहीतरी खटकत होतं, पण काय ते लक्षात येईना. पेन वरच राहिलं, हे बसमध्ये लक्षात आलं. तेच खटकत असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

कचेरीत येऊन फाइल उघडली. अर्जात म्हाताऱ्याने स्वतःच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: एकटा. गाळणीबाईंना मनातून गंमत वाटली. सापडला! बाई घरात ठेवून एकटा म्हणवतो. मग त्यांनी पान उलटलं. विधुर. पुढचं पान पत्नीच्या मृत्यूच्या दाखल्याचं, सहा वर्षांपूर्वीचं. कारण फुप्फुसांचा आजार. म्हणजे दुसरीच कुणीतरी आणून ठेवलीय. असतात अशी माणसं, त्यात काय नवल! त्याच्या पुढे बँकेच्या ठेवीच्या अर्जाची नक्कल होती, जुनी, दोघांच्या नावाची. त्यावर दोन सह्या. दुसरी सही डावीकडे कललेली, खाली लांब रेघ, आणि रेघ जराशी फरफटलेली.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. बराच वेळ ठेवले. मग जिन्यात काय खटकलं होतं ते त्यांना आठवलं. त्या खोलीत बोलताना त्यांच्या तोंडातून वाफ येत होती. ती बाई बोलली तेव्हा आली नव्हती. गाळणीबाईंनी शेजारच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास न विचारता उचलून पिऊन टाकला.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. साहेब वयाने त्यांच्या मुलासारखा, पण कामाला चोख.

"बाई, हे काय? अर्जात एक, तुमच्या फॉर्मात दोन. नक्की कोण ते ठरवा. एकट्याला एक लाखाची मर्यादा, जोडप्याला दीड. ह्याची ठेव आहे एक लाख चाळीस. दोघं असतील तर भत्ता मंजूर, एकटा असेल तर नामंजूर."

"आणि ही ठेव त्याच्या बायकोने शिवणाचे पैसे साठवून केलेली असेल तर?"

"तसा रकाना आहे का?"

रकाना नव्हता. बाईंना ते एकतीस वर्षं ठाऊक होतं आणि एकतीस वर्षांत त्याचं काही वाटलं नव्हतं. आज डोक्यात तिडीक गेली. मागच्याच महिन्यात त्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या शौकीन म्हाताऱ्याला त्यांनी भत्ता मंजूर केला होता. त्याने सगळी कमाई घोड्यांवर उडवलेली, स्वतःच हसत हसत सांगत होता. त्याच्या घरात शेगडी धगधगत होती. आणि वर एकजण शेगडीची वायर बांधून दोन स्वेटर घालून बसला होता, कारण कुणीतरी त्याच्यासाठी पोटाला चिमटा काढून चार पैसे मागे टाकले होते.

"शुक्रवारपर्यंत द्या," साहेब म्हणाला. "फॉर्म नंबरी आहे, फाडता यायचा नाही. दुरुस्ती करायची तर नियम माहितीय ना? आधी सही केलेल्या सगळ्यांनी खाडाखोडीपाशी पुन्हा सही करायची."

"सगळ्यांनी," बाई म्हणाल्या.

"सगळ्यांनी."

शुक्रवारी सकाळी त्या पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "काका, आतली खोली बघायची राहिली."

"ती मी उघडत नाही हो. धूळ आहे नुसती. बघा हवं तर."

त्याने पडदा सारला. टेबलावर चादर टाकलेली, चादरीवर बोटभर धूळ. बसायला स्टूल नव्हतंच. धुळीच्या वर, डाव्या अंगाला, निळ्या दोऱ्याचं पेन पडलं होतं. आजूबाजूच्या धुळीवर एक बोट उमटलेलं नव्हतं.

मग गाळणीबाईंनी एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. काय दिसलं ते घरच्या माणसाला सांगितलं. कप, टॉवेल, दोरा तुटल्याचा आवाज, डावा हात, सगळं.

म्हातारा ओरडला नाही, वेड लागलंय का असंही म्हणाला नाही. हळूच पलंगाच्या कडेवर टेकला.

"दोन कप मीच विसळतो," तो म्हणाला. "सवय. टॉवेलही तसाच. पण मला नाही कधी दिसली ती. सहा वर्षांत एकदाही नाही." मग मान वर केली. "खोकत होती का हो?"

"नाही काका. अजिबात नाही."

"नक्की?"

"नक्की. छान शिवत होती."

तो रडायला लागला, अगदी लहान मुलासारखा. बाईंना काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी चहा टाकला. कप हातात दिल्यावर त्याने विचारलं, "काही बोलली?"

"ठेव मोडायला सांगा म्हणाली. अजून किती अडायचंय, म्हणाली."

"तेच तर मला कळत नाही," म्हातारा एकदम चिडला. "अडलं तर मोडा! अडलं म्हणजे किती अडलं? दर थंडीत वाटतं, आज काय, उद्या याहून वाईट दिवस येईल, तेव्हा लागेल. तिने बोटांची चाळण करून जमवलेत ते. मी काय शेगडीत जाळू? म्हणून अर्ज केला. भत्ता मिळाला तर तिचं तिथंच राहील."

बाईंनी मग त्याला खरं सांगून टाकलं. फॉर्मात दोन आहे तसं राहिलं तर भत्ता मिळेल. एक केलं तर मिळणार नाही. "मी दोन बघितले, दोन लिहिले," त्या म्हणाल्या. "माझ्या बाजूने खोटं काही नाही. राहू द्या तसंच."

म्हाताऱ्याने फॉर्म डोळ्यांपाशी नेला. चांगल्या काचेतून त्या ओळीवर बोट फिरवलं. दोन. बाईंना वाटलं, हा आता कागद खिशात घालतो.

"छान वाटतं वाचायला," तो म्हणाला. "पण उद्या तुमचा साहेब म्हणेल, त्यांना घेऊन या, हजेरी लावा. तिने जन्मभर रांगा लावल्या, रेशनच्या, दवाखान्याच्या. आता मेल्यावर परत रांगेत उभी करू? खोडा ते ताई. एक लिहा."

"दोघांची सही लागेल खाडाखोडीपाशी."

"मग माझी घ्या."

बाईंनी 'दोन' वर आडवी रेघ मारली, शेजारी 'एक' लिहिलं. त्याने सही केली. मग बाईंनी फॉर्म आतल्या टेबलावर धुळीत ठेवला, त्यावर निळ्या दोऱ्याचं पेन ठेवलं आणि पडदा ओढून घेतला. आपण हे काय करतोय, असं त्यांना वाटलं. दोघं बाहेर येऊन बसली. चहा गार होत गेला. तोंडाच्या वाफा दोनच होत्या.

टक्.

दोरा दातांनी तोडल्याचा आवाज. म्हाताऱ्याचा कप बशीत लटपटला. म्हणजे त्यालाही ऐकू आला होता.

बाई उठल्या, पण तो त्यांच्या आधी पडद्याशी पोचला. टेबल तसंच, धूळ तशीच. फॉर्मवर त्याच्या सहीखाली दुसरी सही होती. डावीकडे कललेली, खाली लांब रेघ. घरात एकच माणूस राहतं, याला तिची संमती होती.

म्हाताऱ्याने सहीवर बोट ठेवलं. शाई ओली होती. बोटाला लागली, आणि रेघ फरफटली.

"गेली की हो," तो म्हणाला.

गाळणीबाईंनी फॉर्म घेतला. पाठीमागे शेरा लिहिला: अर्जदाराची बचत मर्यादेपेक्षा जास्त. नामंजूर. एवढ्या वर्षांत हा शेरा त्यांनी हजारदा लिहिला असेल, पण आज स्वतःचीच लाज वाटली.

"चाळीस हजार संपले की परत अर्ज करा," त्या म्हणाल्या. "मी असेन तोवर माझ्याकडेच येईल. आणि तोवर नीट जेवा. काच बदला. शेगडी लावा, दिवसभर लावा, कळलं का?"

"बँक किती वाजेपर्यंत असते?"

"चारपर्यंत. चला, मी सोडते."

त्याने पत्र्याच्या डब्यातून ठेवीची पावती काढली, खिशात ठेवली. शाईचं बोट जपून बाहेर धरलं होतं. दारात चपला घातल्यावर सवयीने आत बघून म्हणाला, "येतो गं."

दोघंही थांबली. आतून काही आलं नाही.

मग तो परत आत गेला. खिळ्यावरची किल्ली आणि तेलाची बाटली घेऊन आला. गंजलेल्या कुलपात दोन थेंब तेल सोडलं, किल्ली दोनतीनदा आडवीउभी फिरवून बघितली. सहा वर्षांत त्याने हे दार कधी कुलूप लावून बंद केलं नव्हतं. आत माणूस असताना कुलूप कशाला लावायचं?

त्याने दार ओढून घेतलं, कडी घातली आणि कुलूप लावलं.