सुपोषण

तात्याराव गुडघाभर पाण्यात उभे राहून वल्ह्यानं तळं झोडपत होते. पाणी हिरवं, दाट. कटले, रोहू वर येऊन तोंड वासत होते. फेस उडाला की क्षणभर खाली जात आणि पुन्हा वर येत. काठाला मेलेल्या माशांचा थर लागला होता.

"इख टाकलं बालाजीनं!" पहाटे विषाचा आळ घेत ते सगळ्यांसमोर ओरडले होते. तळं मच्छीमारांच्या सोसायटीचं, राखण तात्यारावांकडे. काठालगत शेत असलेल्या बालाजीशी त्यांचं पाणी उपसण्यावरून वाजलं होतं. ते ऐकून सोसायटीतले काही जण रागारागात बालाजीच्या आखाड्याकडे, त्याच्या शेतातल्या वस्तीवर, निघून गेले होते.

गावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या प्रियदर्शनीबाई काठावर उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी ओंजळीतलं पाणी बोटांनी चोळून बघितलं.

"तात्या, तळ्यात शेण टाकता का?"

"रोज. वरून खत. पाणी हिरवं झालं की मासा पोसतो. लेकरावानी सांभाळलंय, बाई."

"हे शेवाळ लई झालंय. दिवसा उन्हात ते पाण्यात हवा सोडतं, रात्री तेच ओढून घेतं. त्यात हे आभाळ भरलेलं, ऊनच नाही. मासे गुदमरायलेत. याला सुपोषण म्हणतात."

वल्हं थांबलं.

"सुपोषण तर अंगणवाडीच्या भिंतीवर लिवलंय. चांगलं असतंय की ते."

"शब्द चांगलाच आहे. इंग्रजीत याला युट्रोफिकेशन म्हणतात, तो शब्द मूळचा ग्रीक. चांगलं खाऊपिऊ घातलेलं, एवढाच अर्थ. त्याचंच आपण मराठी केलं. पण पाण्यालाच असं खाऊ घातलं की…"

"म्हंजी इख न्हाई?"

बाईंनी ‘नाही’ अशी मान हलवली.

तात्यारावांच्या हातातून वल्हं सुटलं. ओल्या धोतरानं ते बांधावरून धावत सुटले. ढेकळांत दोनदा पडले.

आखाड्यासमोर माणसं घोळका करून उभी होती. बालाजी जमिनीवर बसलेला. ओठ फुटून सदऱ्यावर रक्त आलेलं. त्याची आई, कुसुमबाई, त्याच्यापुढं हात पसरून उभी होती.

"सोडा त्याला!" तात्यारावांना दम लागला होता. "इख न्हाई. मीच… लय खाऊ घातलं."

 एकानं हातातली काठी हळूच मागं नेली.

बालाजीनं बाहीनं तोंड पुसलं.

"जिते हायेत का काही मासे?"

"हायेत. वर येऊन तडफडायलेत."

तो उठला, भिंतीला हात टेकून थोडा थांबला. मग कोणाकडंही न बघता गोठ्यात गेला आणि डिझेलचं इंजिन बाहेर ओढू लागला. एकट्याला ते ओढवत नव्हतं.

"पाणी उपसून पुन्हा तळ्यातच सोडू," तो म्हणाला. "हवा लागंल त्याला."

तात्याराव पुढं झाले. इंजिनाला हात लावायला मात्र त्यांचा धीर होईना.