निरश्रू

हेमंतातली ती प्रभात रक्तचंदनाची उटी लावून उगवली. शैलदुर्गाच्या कड्यांवर धुके पहुडले होते, धुक्याला तांबूस उन्हाची झालर होती, आणि त्या उन्हातून, विजयी सेनेच्या अग्रभागी, युवराज मेघवर्मा घरी परतत होता.

महाद्वारी विजयाची तोरणे होती. पण त्यांखालून जाताना सैनिकांच्या माना खाली होत्या. रणांगणावर त्यांनी एक अघटित पाहिले होते.

बंडखोर पुष्कर शस्त्र टाकून समोर आला, तेव्हा मेघवर्म्याची तलवार उठलीच नाही. एकाच दाईच्या दुधावर वाढलेले ते दोघे! त्याने पुष्कराला हृदयाशी धरले, अभय दिले, आणि धुळीने माखलेला तो युवराज लेकरासारखा रडला.

वृद्ध महाराज भीमवर्म्यांच्या कानी ती वार्ता त्याच्याआधीच पोहोचली होती. भरल्या सभेत त्यांनी पुत्राच्या जखमांची विचारपूस केली नाही. रुप्याच्या तबकात हिरव्या बांगड्या मागवल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या. कोणी हसले नाही. ते न हसणेच हास्याहून विखारी होते.

"पुष्कर जिवंत आहे तोवर या हातांत भर," महाराज शांतपणे म्हणाले. "शत्रूच्या गळ्यात पडून रडणाऱ्याला आमच्या कुळात पुरुष म्हणत नाहीत."

अंतःपुरात मृणालवतीने पतीची वाट अडवली. दिलेले अभय मोडू नका, राज्य जात असेल तर जाऊ द्या, म्हणून तिने परोपरीने विनवले. मग ती हळूच म्हणाली, "तुम्ही रडलात हे ऐकले आणि वाटले, या दगडी गडावर एक तरी माणूस आहे."

मेघवर्म्याने तिच्या आर्त डोळ्यांकडे पाहिले. तिच्या मनगटांतल्या किणकिणत्या कांकणांकडे पाहिले. आणि त्याने तलवार उचलली.

पुष्कर नदीत गुडघाभर पाण्यात उभा होता. ओंजळीत अर्घ्य, ओठांवर सूर्यस्तवन. चाहूल लागताच तो वळला, आणि बाळपणापासूनचे ते निर्मळ हसू त्याच्या मुखावर उमलले.

"ये, मेघा," तो म्हणाला.

तलवार उतरली तेव्हा ओंजळ भरलेली होती. नदी क्षणभर लाल वाहिली. मग नेहमीसारखी वाहू लागली.

शिंगे निनादली. महाराजांनी मेघवर्म्याला सिंहासनाशेजारी बसवले. "आज मला पुत्र झाला," ते म्हणाले. मृणालवतीने रीतीप्रमाणे त्याच्या कपाळी कुंकुमतिलक रेखला, आणि त्या दिवसापासून ती त्याच्याशी विचारल्यापुरतेच बोलू लागली.

वसंत आला. पळस पेटला. आणि ऐन फुलांच्या दिवसांत वृद्ध महाराज वारले.

गडाच्या पायथ्याशी चंदनाची चिता धडधडली. वारा फिरला, धुराचा लोट जमावावर आला, आणि सगळ्यांचेच डोळे पाणावले. प्रधानांचे, भालदारांचे, ज्यांना महाराजांनी आयुष्यभर छळले त्या मांडलिकांचेसुद्धा. मेघवर्मा तेवढा निरश्रू होता. लोक कौतुकाने कुजबुजले, "पुरुष असावा तर असा."

जवळच महाद्वारावरच्या गवाक्षात मृणालवती उभी होती. तिला मात्र दिसले, की तो एकेक पाऊल धुराकडे सरकत आहे. मुद्दाम सरकत आहे. पापणी लवू न देता, मान उंचावून, चेहरा त्या धुरात धरून तो वाट पाहत आहे.

धूर दाटत होता. धूर डोळ्यांत शिरत होता. आणि डोळे तसेच होते. उघडे, विस्फारलेले, कोरडे.