धरून ठेवलेले शिसे

मित्रांनो, मी एक जुने अंगण आहे. अंगण म्हणजे नुसती माती. पण देवाने मातीलाही काम नेमून दिले आहे. पदरात पडेल ते धरून ठेवायचे.

माझ्या पदरात मार पडला. या घरच्या दोन भावांतला थोरला आतल्या शिशासाठी गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचा. घण पडायचा, डबा चिरडायचा, आतले तेजाब सांडून गवत मुळासकट जळायचे. शिशाची भुकटी माझ्या कणाकणांत घुसली. ती मी छातीशी आवळून बसले. वीस वर्षे विहिरीपर्यंत जाऊ दिली नाही.

धाकटा भांडी उजळून द्यायचा. त्याच्या बायकोला दिवस गेले, तेव्हा माती तपासणाऱ्या बाई आल्या. म्हणाल्या, "विहिरीचं पाणी चांगलं आहे, पण मातीत शिसं फार. या मातीला हात लावू नका, झाकून टाका."

"झाकायचं कशाला?" धाकटा म्हणाला. "काळंठिक्कर पातेलं मी लिंबाने आरशासारखं करतो. ही माती काय मोठी लागून गेली!"

"बघ बाबा, नसतं काही करून बसशील," थोरला म्हणाला.

"तू फोडण्यातला, दादा. धुण्यातलं तुला काय कळतं?"

त्याने सरबताच्या कारखान्यातून लिंबाच्या आंबट पाण्याची पिंपे आणली आणि तीन महिने माझ्यावर ओतली. घणाचे घाव परवडले हो! त्या आंबटाला खेकड्यासारख्या नांग्या होत्या. शिशाचा एकेक कण त्याने पकडला, पिळला, माझ्या छातीतून ओरबाडून काढला आणि खाली ओढत नेला. मी किंचाळले, पण मातीची किंकाळी कोणाला ऐकू जाते? वर धाकटा खूश होता. खाली विहिरीत शिसे उतरत होते, आणि तेच पाणी त्याची बायको रोज पीत होती.

बाई पुन्हा आल्या. पाणी तपासून त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, भांडं धुतलेलं पाणी तुम्ही मोरीत ओतता. इथे मोरी कोणती? आंबटाने शिसं नाहीसं होत नाही, मोकळं सुटतं. ते सुटलं आणि विहिरीत गेलं!"

थोरल्याने धाकट्याची गचांडी धरली, त्याला माझ्यावर आपटले, ओठ फाटेपर्यंत मारले. "माझं पाप थोडं होतं का रे, तू भर घातलीस?" धाकट्याने हात उचलला नाही. त्याचे रक्त माझ्यात मुरले.

शेवटी धाकट्याची बायकोच मध्ये पडली, पोट सांभाळत. "भाऊजी, ह्यांना मारून माझ्या अंगातलं शिसं निघणार आहे का? डोकी नंतर फोडा. आधी मला दवाखान्यात न्या!"

मुलगी वेळेआधी जन्मली, ओंजळीएवढी. जगली, ही देवाची दया. विहीर बुजवली, मला तारेचे कुंपण घातले.

मित्रांनो, मातीवर काही ओताल तेव्हा एवढे विचारा, की हे इथून कुठे जाईल? मी धरून ठेवते, पण मला धरू द्या.

ती पोर आता चालते. कुंपणाच्या जाळीतून बोटे घालून मला शिवायला बघते, आणि तिचा बाप धावत येतो. लेकराचे पाऊल पडावे म्हणून तर अंगण असते. तरी मीच म्हणते, उचल बाबा, लवकर उचल तिला.