तिसरं पेडल

अमेरिकेतल्या आमच्या मन्सी गावात पूर्वी गाड्यांचे गिअरबॉक्स तयार व्हायचे. आता फक्त म्हातारे तयार होतात. माझा नवरा लोवेल त्या कारखान्यात होता तोवर घरात जेवताना गिअरबॉक्सचाच विषय असायचा, आणि कारखान्याला कुलूप लागून इतकी वर्षं झाली तरी विषय काही बदललेला नाही.

सत्तरीला टेकलेल्या बाईनं शनिवारी सकाळी निवांत कॉफी प्यावी, दुसरं काय. मी गॅरेजमध्ये फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून त्यावर उताणी पडले होते. अंगावर आमची सहासष्ट सालची शेव्हेल गाडी, लोखंडी घोड्यांवर चढवलेली. लोवेल वर सीटवर बसलेला. खरं तर त्यानं खाली असायचं आणि मी वर. पण खाली गेलेला लोवेल हल्ली एकट्यानं उठू शकत नाही, आणि ही गोष्ट आमच्या घरात बोलायची नाही असं ठरलं होतं. ठरवलं त्यानं, पाळत मी होते.

हिवाळ्यापासून त्याचा डावा पाय फरपटतो. पाऊल उचललं जात नाही, बुटाचं टोक झिजून पांढरं पडलंय. मार्चमध्ये कपड्यांच्या टोपलीसकट तळघराच्या जिन्यावरून खाली आला. विचारलं तर म्हणे पायरी ओली होती. ती कशानं ओली झाली ते त्या पायरीलाच ठाऊक. डॉक्टरचं नाव काढलं की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. शेवटी मी जेवणाचं ताट समोर आपटलं, तेव्हा म्हणाला, "शेव्हेल रस्त्यावर येऊ दे. मी स्वतः चालवून दाखवतो. नाही जमलं तर ने मला कुठं न्यायचं तिथं."

त्या एका वाक्यासाठी मी गाडीखाली गेले. तो पडून कंबर मोडून घेईल या भीतीनं मला रात्र रात्र झोप नव्हती, आणि त्याला डॉक्टरपुढे उभं करायचा दुसरा रस्ता मला दिसत नव्हता.

या शेव्हेलमध्ये कंपनीनं ऑटोमॅटिक बसवलं होतं. लोवेलला ते पहिल्या दिवसापासून खुपायचं. मन्सीच्या माणसाची गाडी स्वतःचे गिअर स्वतःच बदलते म्हणजे आचाऱ्याच्या घरी डबा येण्यासारखं आहे, असं तो कुणालाही ऐकवायचा. त्याच्या स्वतःच्या खात्यात जुळवलेला चार गिअरचा एक गिअरबॉक्स टेबलाखाली ब्लँकेटमध्ये गुंडाळून पडला होता. आमच्या मुलीलाही इतकं कुणी गुंडाळलं नसेल. तर जुनं ऑटोमॅटिक काढलं. गाडीच्या तळाचा पत्रा कापून गिअरच्या दांड्यासाठी भोक पाडलं. दोन पेडलांची चौकट काढून तीन पेडलांची बसवली. इंजिनाच्या टोकाचं जड चाक म्हणजे फ्लायव्हील, त्यावर क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, आणि मग तो गिअरबॉक्स जॅकवर ठेवून, ढकलून, शिव्या घालून आत सारला. ढकलणं आणि शिव्या दोन्ही बहुतेक माझ्या. लोवेल स्टुलावर बसून वाकून बघायचा आणि "अगं डावीकडे, डावीकडे" म्हणायचा. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात पातेली उचलली, मला वाटायचं माझ्या पाठीचे हाल तिथंच संपले.

सगळं बसल्यावर क्लच जुळवायचा असतो. त्याला दोन माणसं लागतात. गाडी गिअरमध्ये टाकायची, एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली पडून चाकांकडे जाणारा शाफ्ट हातानं फिरवून बघायचा. क्लच नीट सुटला तर शाफ्ट मोकळा फिरतो. नाही सुटला तर हलत नाही.

"दाब," मी खालून म्हणाले.

"दाबलाय."

मी शाफ्टला दोन्ही हातांनी पीळ दिला. ढिम्म.

"पूर्ण दाब."

"अगं तळाला टेकलाय पाय. पेडलाची सळई लहान पडतेय. दोन आटे सोड."

मी सोडले. परत तेच. आणखी सोडले. शेवटी मी खालून निघाले, गुडघे चोळत वर जाऊन बसले आणि त्याला स्टुलावरून शाफ्टपर्यंत हात घालायला लावला. मी पेडल दाबलं.

"फिरतोय," तो म्हणाला. आनंदानं नाही.

"मग झालं की."

"झालं काय? तू दाबल्यावर सुटतो आणि मी दाबल्यावर नाही, याला क्लच म्हणत नाहीत. काहीतरी अडकतंय आत."

पेडल इतकं काही जड नव्हतं.

एवढ्यात शेजारचा मर्ल आला. मर्ल कारखान्यात लोवेलच्या शेजारच्या मशीनवर होता आणि घरही शेजारीच घेतलं, त्यामुळे त्याच्यापासून सुटका अशी कधी झालीच नाही. दारात उभा राहून म्हणाला, "काय रे, शुक्रवारी येतोयस ना गाड्यांच्या जत्रेत? का ढकलत आणायचीय? दोर आहे माझ्याकडे."

"तुझ्या व्हॅनला बांधायला ठेव," लोवेल म्हणाला. "क्लच प्लेट उलटी बसलीय. काढायला लागणार."

"उलटी? तू बसवलेली?" मर्ल हसायचा थांबला.

"होतं कधी कधी."

मर्ल गेल्यावर मी म्हणाले, "लोवेल, प्लेट उलटी असती तर माझ्याही पायानं क्लच सुटला नसता."

"तुला क्लचमधलं काय कळतं?"

"तूच शिकवलंस गेले दोन महिने. उलटी प्लेट फ्लायव्हीलच्या बोल्टांवर घासते, कुणीही दाबलं तरी सुटत नाही. तुझेच शब्द आहेत."

"काढायची," तो म्हणाला, आणि स्टूल पुढे ओढून घेतलं.

भांडायलाही अंगात जीव लागतो. रविवारी चर्चला दांडी मारली आणि जे जे आत घातलं होतं ते ते बाहेर काढलं. शाफ्ट, गिअरचा दांडा, खालचा आडवा पट्टा. गिअरबॉक्स जॅकवर घेताना माझ्या मनगटात कळ गेली आणि मी तिथंच पुठ्ठ्यावर डोळे मिटून पडले. कपाळावर तेल ठिबकत होतं. सरकायचाही कंटाळा आला होता. त्या क्षणी मला त्या गाडीचा राग आला, त्याचा आला, आणि मुख्य म्हणजे त्याच्या त्या पायाचा आला, जसं काही तो पाय मुद्दाम करतोय. हे चांगलं नाही, पण आला.

दुपारी प्रेशर प्लेटचे बोल्ट काढायच्या वेळी लोवेल म्हणाला, "हे मी काढतो." स्टुलावरून उतरून पुठ्ठ्यावर बसला, मग आडवा झाला, आणि आम्ही दोघं गाडीखाली शेजारी शेजारी पडलो. त्याचे हात अजून पक्के आहेत. एकेक बोल्ट थोडा थोडा ढिला करत त्यानं प्रेशर प्लेट उतरवली. क्लच प्लेट त्याच्या हातात आली.

प्लेटवर एका बाजूला ठसा असतो, ही बाजू फ्लायव्हीलकडे म्हणून. दिवा माझ्या हातात होता. ठसा फ्लायव्हीलच्या बाजूलाच होता. प्लेट अगदी सरळ बसली होती, एक ओरखडाही नव्हता.

लोवेलनं ती हातात धरली. बराच वेळ धरली. मग म्हणाला, "बघ. उलटीच होती."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

मग त्यानं ती प्लेट फिरवली आणि ठसा आमच्याकडे करून वर बसवायला लागला. सगळं आयुष्य ज्यानं गिअरबॉक्स जुळवले, तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत प्लेट चुकीची लावत होता. मला आधी काही समजेना. मग समजलं. अशी बसवली की क्लच कधीच सुटणार नव्हता. त्याच्या पायानं नाही, माझ्या नाही, मर्लच्या नाही. गाडी गॅरेजमध्ये राहिली असती, लोक म्हणाले असते लोवेलची गाडी काही जमली नाही बुवा. पायाबद्दल कुणी काही म्हणालं नसतं.

आणि मी इतकी दमले होते की लावू दे म्हणावं असंही एकदा मनात आलं. लावू दे, वर जाऊ, अंघोळ करू, कालचा खिम्याचा मीटलोफ गरम करू, झोपू.

"दे इकडे," मी म्हणाले.

"थांब, बसतेय."

"लोवेल, दे."

मी त्याच्या बोटांतून प्लेट सोडवली, फिरवली, आणि होती तशी लावली. ठसा फ्लायव्हीलकडे. "गाडीला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "गाडी चांगली झालीय. तूच केलीस."

तो वरच्या त्या गोल लोखंडाकडे बघत राहिला. मग अगदी साध्या आवाजात, हवेबद्दल बोलावं तसा म्हणाला, "नेडीन, मला पेडल जाणवतच नाही. पाय कुठंय तेच कळत नाही. बघितल्याशिवाय."

"माहितीय."

"कधीपासून?"

"टोपलीच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलू दिलंस का?"

तो हसल्यासारखा झाला. मग रडला. मी त्याला असं रडताना त्याच्या आईच्या अंत्यविधीलाही पाहिलं नव्हतं. गाडीखाली माणसाला कूस बदलायला जागा नसते, म्हणून मी नुसता त्याच्या छातीवर हात ठेवला. ग्रीसचा होता, तसाच ठेवला.

"हे सगळं परत घालायचं तरी कशाला मग?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"उघडी गाडी टाकून मी झोपायला जाणार नाही. पाना दे."

परत घालायला आम्हाला पुढचा आठवडा गेला. आता मी विचारत नव्हते आणि तो लपवत नव्हता, त्यामुळे काम कमी झालं असं नाही, पण भांडण कमी झालं. शुक्रवारी दुपारी घोड्या काढल्या आणि शेव्हेल स्वतःच्या चाकांवर उभी राहिली. मर्लला आवाजच लागतो, इंजिन सुरू केल्याबरोबर तो हजर.

"चल, बस बाबा गादीवर," तो लोवेलला म्हणाला. "सगळे विचारतायत. पहिली चक्कर तुझी."

लोवेल ड्रायव्हरच्या दाराशीच उभा होता. मी तिथं आत बसले होते, चालू इंजिनपाशी कुणीतरी हवं म्हणून, आणि उतरायला पाय बाहेर काढला होता. उतरू की नको, मला कळेना. त्यानं दार हळूच माझ्यावर लोटलं. मग बॉनेटवर हात टेकत, एकेक पाऊल बघत, पुढून वळसा घालून तो पलीकडच्या बाजूला निघाला. इतक्या वर्षांत या गाडीच्या उजव्या, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"अरे, तिकडे कुठं?" मर्ल म्हणाला.

लोवेल थांबला. "माझा डावा पाय गेलाय, मर्ल. क्लच दाबता येत नाही. हिवाळ्यापासून. ही चालवणार."

मर्लच्या तोंडाला कुलूप म्हणून कधी नव्हतं. या वेळी मात्र पुढं होऊन त्यानं पलीकडचं दार उघडलं आणि लोवेल आत बसेपर्यंत धरून ठेवलं. बसल्यावर लोवेलनं डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला, मर्लदेखत.

त्याच्या तोंडून हे बाहेर पडावं म्हणून मी महिने काढले होते. वाटलं होतं, त्या दिवशी माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. आता ते खरंच होतं, एवढंच झालं.

"हळू सोड," लोवेल म्हणाला. "घाई नाही."

मी क्लच सोडला आणि गाडी धक्का खाऊन बंद पडली. परत सुरू केली, परत बंद पडली. काचेतून नीट दिसत नव्हतं, मी बाहीनं डोळे पुसत होते. तो गिअरच्या दांड्यावर माझ्या हातावर हात ठेवून बसून राहिला, आणि मी तिसऱ्यांदा चावी फिरवली.