त्रिंबकचं इंजिन

"आता जीप मागं ढकला सर, हळू," अंजू म्हणाली. साखळीला टांगलेलं इंजिन तिने एका हाताने धरून ठेवलं होतं.

कुंभार पिंपळगावच्या राजानंद सरांनी जोर लावला. जीप मागे सरकली. अंजूने साखळी सोडत सोडत इंजिन दोन लाकडी ओंडक्यांवर टेकवलं. वडीगोद्रीत हायवेलगत तिचं घर होतं आणि घरापुढचं अंगण हेच तिचं गॅरेज. सरांनी ही जुनी जीप नुकतीच घेतली होती. तिच्यात दुसरं इंजिन बसवायचं होतं.

अंजूने डिझेलचा बोळा आणि तारेचा ब्रश घेतला. गेली दहा वर्षं अंगणात उतरलेल्या प्रत्येक इंजिनाचा नंबर ती आधी बघायची. काळी चिकट राप निघाली, तसे आकडे वर आले. चार, सात, एक, सहा, तीन.

तिने बोळ्याने आकडे पुन्हा पुसले आणि एकेक करून परत वाचले.

"काय झालं, अंजूताई?"

"जीप कुनाकडून घेतली सर?"

"भारत मिस्त्रीच्या मुलाकडून. म्हाताऱ्याचीच होती, म्हणाला."

"हे जुनं इंजिन मला द्या."

"भंगार तर आहे ते. ठेवा की."

अंजूचा बाप त्रिंबक अंबडच्या रस्त्यावर जीपमधून प्रवासी वाहायचा. ती नऊ वर्षांची असताना त्याने इंजिनाच्या कामासाठी जीप गावातल्याच भारत मिस्त्रीकडे टाकली. परत आली ती आठ दिवसांत काळा धूर ओकायला लागली. "हे माझं इंजिन न्हाई," त्रिंबक म्हणाला. बघितलं, तर नंबरची जागा कानशीने घासून साफ केलेली. त्याने चावडीत चार माणसं जमवली. आपलं इंजिन मिस्त्रीने स्वतःच्या जीपला बसवलंय, तिचं बोनेट उघडा, एवढंच त्याचं मागणं होतं. मिस्त्रीने सगळ्यांसमोर खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली. भंडारा उचलल्यावर बोनेट कशाला उघडायचं, असं म्हणून लोक उठले.

त्रिंबकची जीप कायमची बंद पडली. तो पोती उचलायला जाऊ लागला आणि भेटेल त्याला आपल्या इंजिनाचा नंबर सांगू लागला. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, कुठेही. पोरं त्याला 'नंबरवाला' म्हणायची. इतर लेकरांना पाढे पाठ असतात, तसे अंजूला ते पाच आकडे पाठ झाले. पुढे आयटीआयला तिने डिझेल मेकॅनिकचा ट्रेड घेतला, तो याच एका कारणासाठी. बाप मरून सहा वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. अंजूने इंजिन टेम्पोत चढवलं आणि ऐन गर्दीच्या वेळी तीन हमालांकडून भारत मिस्त्रीच्या ओट्यावर उतरवलं. साखरेच्या आजाराने मिस्त्रीचे डोळे गेले होते. तो बाजेवर बसून होता.

"कोन हाय?"

"नंबरवाल्याची पोरगी."

अंजूने त्याचा हात धरून बोटं आकड्यांवर टेकवली.

"वाचा, मिस्त्री."

बोट पहिल्या आकड्यावरून फिरलं, दुसऱ्यावर अडखळलं, तिथेच थांबलं. पिशव्या घेतलेली माणसं ओट्याभोवती जमायला लागली. सून दारात येऊन उभी राहिली.

"मोठ्यानं वाचा. चावडीत कसं मोठ्यानं बोलले व्हते!"

"चार..." म्हातारा म्हणाला. "सात... एक..." पुढचे आकडे त्याने बोट न फिरवताच सांगितले. मग आवाज खाली आला. "पोरी, लय नड व्हती गं तवा."

"भंडारा उचलायची बी नड व्हती?"

"माफ कर मला."

"ज्याला मागायची व्हती त्याला मागितली न्हाई. आता हे हितंच राहील. हलवायला तिघं लागतेत. रोज उठून हात लावत जा."

सुनेने पदर तोंडाला लावला. गर्दीत कुणीतरी त्रिंबकचं नाव घेतलं, पूर्ण नाव, आडनावासकट. अंजू मुद्दाम बाजाराच्या मधोमध, सावकाश चालत गेली. लोक वळून बघत होते आणि तिला ते हवं होतं. तिने पावशेर गोडी शेव घेतली.

घरी आई, जयवंताबाई, तूर निवडत होती. अंजूने सगळं सांगितलं, म्हाताऱ्याचं अडखळलेलं बोटसुद्धा. सांगताना ती हसत होती. शेवेचा पुडा तिने आईपुढे सोडला.

जयवंताबाईंनी हात लावला नाही.

"मंग ते खरंच म्हनत व्हते," त्या म्हणाल्या.

"खरंच तर! आता समद्या गावाला कळलं."

"जेवताना नंबर म्हनाया लागले की मी ताट उचलून न्यायची त्यांच्या म्होरून. येड लागलंय तुमाला, म्हनायची. किती डाव तसेच उपाशी निजले."

अंजूचं हसू थांबलं. एवढी वर्षं तिने एकाच माणसाचा हिशेब मनात धरला होता.

"तुला तरी कसं कळावं, आई?"

"मी बायको व्हते त्यांची."

अंजू हात धुवायला मोरीपाशी जाऊन बसली. नखांत काळं ऑइल होतं. जयवंताबाई उठल्या, तांब्या भरून आणला आणि लेकीच्या हातांवर पाणी ओतायला लागल्या. अंजू साबण लावून हात चोळत राहिली. पाणी संपलं. तांब्या मात्र जयवंताबाईंनी तसाच तिरपा धरलेला होता.