मी तेलाचा डबा होतो तेव्हाची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. माझ्या पोटावर 'चि. सौ. कां. कौशल्या हिस चंद्रभान मामाकडून' असं कोरलेलं आहे. अकोल्याच्या बाजारातून निघालो तो लग्नाच्या आहेरात थेट वरूडला आलो.

तळण झालं की कौशल्याबाई उरलेलं तेल फडक्यातून गाळून माझ्यात भरत. त्यातच पुन्हा कोथिंबिरीची सांबारवडी, भजी, सणाच्या पुऱ्या. तेल काळं पडलं की वरून थोडं नवं ओतायचं. तीस वर्षांत मी रिकामा असा कधी झालोच नाही. "आमच्या घरी थेंब वाया नाई जात," असं बाई शेजारणींना सांगत आणि मी फुशारून जाई.

एका सकाळी त्यांचे यजमान खुशालराव संत्र्याच्या बागेतून छाती धरूनच परतले. अमरावतीच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या; हृदयाची रक्तवाहिनी थोडी अरुंद झाली होती आणि रक्तात सूजही दिसली. डॉक्टर अनुपमाताई म्हणाल्या, "उद्या येताना घरातलं तेल आणा." बाईंनी मोठ्या अभिमानाने पिशवीत मलाच घातलं. एवढं निगुतीने गाळलेलं तेल दुसऱ्या कोणाकडे असणार!

डॉक्टरांनी झाकण उघडून वास घेतला. "हे किती वेळा तापवलंय?"

बाई मोजू लागल्या आणि दोन्ही हातांची बोटं संपली.

"वारंवार तापवलेलं तेल बिघडतं. रोज तेच पोटात गेलं की रक्तवाहिन्यांना आतून सूज यायला हातभार लागतो. सुजेच्या जागी चरबी साचते आणि वाट अरुंद होते."

बाईंचे डोळे भरले. "म्हंजे मीच केलं का हे यायले?"

मित्रांनो, त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एकट्या तेलाचं काम नाही हे. यांचा तंबाखूचा खर्राही आहे त्यात," डॉक्टर म्हणाल्या. "पण वेळेत आलात. ऑपरेशन नको. गोळ्या घ्या आणि हे दोन्ही बंद करा."

बाईंनी केवढा तरी श्वास सोडला. खुशालराव मात्र कुरकुरले, "मंग मी कोरडंच खाऊ का? जवसाची चटनी तरी राहू द्या!"

"ती खुशाल खा. जवस, शेंगदाणे बेताने खाल्ले तर चांगलेच. सगळी चरबी वैरी नसते हो!"

घरी येताच बाईंनी मला कढत पाण्याने तीनदा घासलं. आता मोडीत जाणार म्हणून मी धास्तावलो होतो, तर त्यांनी माझ्यात जवसाची चटणी भरली. तीन महिन्यांनी तपासणी झाली. रक्तातली सूज उतरली होती.

मित्रांनो, काय भरावं हे आम्हा डब्यांच्या हाती नसतं. तुमच्या घरातल्या डब्याचं झाकण आज एकदा उघडून बघा.

परवा खुशालराव बागेतून आले, हात धुतले, जेवायला बसले आणि माझ्यात चमचा खडखडवत ओरडले, "काहून वं, डबा रिकामाच!"

रिकामं होण्यात एवढं सुख असतं, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.