आठ महिन्यांचं वर्ष

माझे सासरे, बुधाजी नाखवा, कुणाची होडी विकत घ्यायची असली की ती पावसाळ्यात बघायला जायचे. मार्च-एप्रिलात मालक कितीही बोलावू दे, ते जात नसत. पाण्यावर होडी नवरीसारखी दिसते, म्हणायचे. आषाढात ती किनाऱ्यावर ओढून, नारळीच्या झापांनी शाकारून ठेवली की मग ते डोक्यावर कांबळं घेऊन निघायचे, खाली वाकून तळ बघायचे, फळीफळीवर बोटाचं पेर ठोकून आवाज ऐकायचे. पोकळ आवाज आला की चहा न घेता परत. आमच्या घरात तीन होड्या आल्या, तिन्ही अशाच बघून आलेल्या.

हे सगळं मला गेल्या वर्षी आठवलं, कारण माझा मुलगा दीपेश निवृत्त झाला.

दीपेश समुद्रावर कधी गेला नाही. खाडीवर पूल झाला, पलीकडे कारखाना होताच. माझ्या मालकांना, तुकारामांना, तिथे नोकरी लागली आणि पुढे दीपेशलाही. तीस वर्षं त्याने फिटर म्हणून काढली. मार्च अखेरीला त्याला हार, शाल आणि घड्याळ मिळालं, आणि फंड-ग्रॅच्युइटीचे मिळून बेचाळीस लाख बँकेत जमा झाले. एवढी रक्कम आमच्या घराने कधी पाहिली नव्हती, आणि पुन्हा येणारही नव्हती. दीपेश अठ्ठावन्न वर्षांचा, सून सुचिता चौपन्नची. दोघांचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका आकड्यावर काढायचं होतं.

सुचिताने आधीच ठरवलं होतं. पैसे विमा कंपनीच्या पेन्शनमध्ये टाकायचे. एकदा टाकले की काढता येत नाहीत, पण दोघांपैकी एक जण जिवंत असेपर्यंत दर महिन्याला पैसे येतात, आणि दोघांनंतर मूळ रक्कम ओंकारला, म्हणजे माझ्या नातवाला. चाळीस लाखांवर महिना तेवीस हजार.

"तेवीस हजार," दीपेश म्हणाला. "आणि चाळीस लाख कुलपात. उद्या मला लागले तर?"

"तुम्हाला कशाला लागतील?"

"आजारपण न्हाय का येत?"

"म्हणून तर दोन लाख बाहेर ठेवतेय."

दीपेशच्या डोक्यात काशीदचं कॉटेज होतं. मुंबईचे कुणी निकेतशेठ, त्यांचं दोन खोल्यांचं कॉटेज विकायला होतं, सुरूच्या बनाला लागून. किंमत चाळीस लाख. मेच्या सुरुवातीला दीपेश बघून आला तो दोन दिवस हवेतून खाली उतरलाच नाही. दोन्ही खोल्या भरलेल्या, अंगणात गाड्या, पोरं वाळूचे पाय घेऊन पळताहेत, एका खोलीला रात्रीचे अडीच हजार. आल्या आल्या कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. महिन्याला दहा-दहा दिवस जरी धरले तरी पन्नास हजार. वर्षाला सहा लाख. शिवाय जागा आपली राहते, भाव वाढतो.

"सहा लाख कसे?" मी विचारलं. मी पडवीत बोंबील निवडत होते.

"पन्नास गुणिले बारा, आये."

"बारा?"

"वर्षाला महिने किती असतात?"

"आमच्या वेळंला आठ असायचे."

तो हसला. म्हातारी बरळते असं त्याला वाटलं असणार. पण मी खरंच सांगत होते. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या बंद, आणि त्यानंतरही दर्या लगेच पोटभर देत नाही. म्हणून आम्ही आठ महिन्यांत कमवायचो आणि बारा महिने खायचो. बोंबील वलांडीच्या बांबूंवर वाळत असायचे तेव्हाच सासूबाई चार महिन्यांचा वाटा मोजून डब्यात भरायच्या आणि डबा माळ्यावर चढवायच्या. एका मे महिन्यात सुक्याला चांगला भाव आला म्हणून मी त्या डब्यातलं अर्धं विकून आले. नवीन लग्न झालेलं, हातात पाटल्या करायची हौस. श्रावणात तेच बोंबील दुप्पट भावाने विकत आणावे लागले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त जेवताना माझ्या पानात आधी वाढून स्वतःला उरेल तेवढं घ्यायला लागल्या. ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दीपेशला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण कारखान्यात पावसाळा नसतो. पगार आषाढातही येतो. तीस वर्षं आषाढात पगार घेतलेला माणूस वर्षाला बारा महिनेच धरणार.

निकेतशेठांना अक्षय्य तृतीयेला दोन लाख विसार हवा होता. त्याच्या आदल्या दिवशी घरात चांगलीच जुंपली.

"मला चादरी धुवायला लावणार तुम्ही म्हातारपणी," सुचिता म्हणाली.

"माणूस हाय तिथे त्याला."

"त्याचा पगार धरलात का त्या कॅलेंडरवर?"

दीपेशने कॅलेंडर उलटं करून भिंतीला लावलं. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी कधी त्यांच्या भांडणात पडत नाही, पण त्या दिवशी पडले.

"दीपेश, तुझ्या आजाने होडी कवा बघितली अस्ती?"

"आये, ती होडी न्हाय."

"नसू दे. तू मला आषाढात काशीदला घेऊन चल. मग काय घ्यायचं ते घे. मी एक शब्द बोलनार न्हाय."

"तोवर दुसरा कुणी घेईल."

"घेऊ दे त्याला."

त्याने फोन करून सांगितलं, जुलैपर्यंत थांबा. शेठ म्हणाले, रांग लागली आहे. दीपेश आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. जूनच्या शेवटी शेठांचाच फोन आला, दोन लाख कमी करतो म्हणून. रांग कुठे गेली ते मी विचारलं नाही.

आषाढात एका सोमवारी आम्ही तिघं रिक्षा करून गेलो. पूल ओलांडताना मला पूल नसतानाचे, तरीच्या होडीने खाडीपार जायचे दिवस आठवले. टोपलीवर टोपली ठेवून आम्ही बायका तरीत उभ्या राहायचो, आणि तरवाला टोपलीचेही पैसे मागायचा. आता दहा मिनिटांत पलीकडे.

कॉटेजचं फाटक रावजीने उघडलं. कॉटेज सांभाळणारा माणूस रावजी असेल हे मला माहीतच नव्हतं. पोरवयात सासऱ्यांच्या होडीवर खलाशी होता. आता माझ्याइतकाच पांढरा.

"नीरावैनी? तुमी कंच्या खोलीत उतरनार?" तो म्हणाला. "दोन्ही मोकळ्या हायत. सवलतीत देतो."

"शेवटचं गिऱ्हाईक कवा आलं व्हतं?"

"जूनच्या पयल्या शनवारी. लाइट गेली तर निम्मे पैसे मागून निघून गेले. आता गणपती झाल्यावर बघायचं."

आत गाद्या भिंतीला उभ्या लावलेल्या, तरी बुरशीचा वास होता. एसीच्या बाहेरच्या पेटीचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने पापडासारखा झालेला. रावजीने सगळं दाखवलं, काही लपवलं नाही.

"मग चार महिने तुझं कसं चालतं?" दीपेशने विचारलं.

"माझं झ्याक चालतं. कॉटेज आठ महिने कमावतं, माझा पगार बारा महिने हाय."

सुचिता पदराआड हसली. दीपेश हसला नाही. तो मागच्या भिंतीपाशी गेला, वाकला आणि बोटाचं पेर भिंतीवर ठोकत ठोकत कोपऱ्यापर्यंत सरकला. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. आजा गेला तेव्हा तो चार वर्षांचा होता. कोपऱ्याजवळ आवाज पोकळ आला आणि गिलाव्याचा तव्याएवढा पोपडा त्याच्या पायाशी पडला.

रावजी चहा टाकत होता. दीपेश म्हणाला, "राहू दे काका, निघतो."

मी रिक्षात तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसले, नाहीतर त्याला माझे डोळे दिसले असते.

सुचिता जिंकल्याचं काही बोलली नाही, हा तिचा मोठेपणा. पण घरी आल्यावर मी तिलाही सोडलं नाही. माझं पासबुक तिच्यापुढे ठेवलं. मालक गेल्यापासून मला महिना बाराशे पेन्शन येते. पहिल्या वर्षी त्यात माझं वाणसामान यायचं. आता गॅसचा सिलिंडर आणला की उरतं त्यात थोडं दूध. आकडा तोच आहे, बाकी सगळं पुढे गेलं.

"हा पेन्शनचा तळ," मी म्हटलं. "तो पन बघून घे, बाय."

तिने पासबुक पहिल्या पानापासून चाळलं. "म्हणजे भाडं पण पाहिजे," ती म्हणाली.

"पावसात न थांबनारं भाडं पाहिजे," दीपेश म्हणाला.

तेव्हा मला माझ्याच घरामागची जाळ्यांची खोली दिसली. मालकांनी नोकरीत असतानाही वडिलांची जाळी तिथे टांगून ठेवली होती, आणि ते गेल्यापासून मी सोळा वर्षं त्या खोलीला कुणाला हात लावू दिला नव्हता. सुचिताने दोनदा विचारलं होतं, मी दोनदा उठून गेले होते. त्या संध्याकाळी मीच चावी काढून दीपेशच्या हातात दिली. जाळी मी स्वतः सोडवली. बरीचशी हातातच तुटली. एक चांगला तुकडा परसातल्या वेलींवर टाकला, तो अजून आहे.

तीस लाख पेन्शनमध्ये गेले, त्याचे महिन्याला सतरा हजार येतात. चार लाखांत खोलीला स्वतंत्र दार, मोरी आणि संडास झाला. उरलेले बँकेत, दीपेशच्या समाधानासाठी, लागले तर काढता येतील असे. खोलीत सरकारी दवाखान्यातली नर्स राहते, दिशा नावाची, म्हसळ्याची. भाडं चार हजार, दरवर्षी थोडं वाढवायचं असं आधीच बोलून घेतलंय. काशीदच्या एका खोलीला दोन रात्रींत याहून जास्त मिळतं, हे दीपेश अधूनमधून सांगतो, मे महिन्यात विशेष.

आता पुन्हा आषाढ आहे. एक तारखेला पेन्शनचा मेसेज आला, पाच तारखेला दिशा भिजलेली छत्री दाराशी ठेवून भाडं देऊन गेली आणि माझा रक्तदाबही बघून गेली. रावजीचा निरोप होता, कॉटेज अजून विकायचंच आहे, शेठ अजून थोडे उतरलेत.

काल सुचिताने माळ्यावरून बोंबलाचा डबा उतरवला. मे महिन्यात तिनेच मोजून भरला होता, चार महिन्यांचा. दर महिन्याला पैसे येणाऱ्या घरात आता एवढ्याची गरज नाही, असं दीपेश म्हणाला.

"असू दे," ती म्हणाली, आणि जेवताना माझ्या पानात आधी वाढलं. या वेळी ते लागलं नाही.